भेगेवरचा साक्षीदार

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि फरशीवर पालथे पडून एका गोटीकडे बघताय. गोटी तुम्ही खोलीच्या बरोबर मध्ये ठेवली आहे. तिला कुणी हात लावलेला नाही. खिडक्या बंद आहेत, वारा नाही. तरी ती हलते. आधी जागच्या जागी जराशी डुलते, जावं की न जावं असा विचार केल्यासारखी. मग हळूहळू, आपली आपण, मागच्या भिंतीकडे चालू लागते आणि भिंतीला जाऊन टेकते. टक्.

भोवती जमलेली चिल्लीपिल्ली टाळ्या पिटतात. "पुन्हा! कुंदाताई, पुन्हा!" तुम्हीही हसता. आणि हसता हसता तुमचं लक्ष आईकडे जातं. आई हसत नाहीये.

उघडा आता डोळे. ती गोटीवाली मुलगी म्हणजे मी. या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली.

आम्ही साताऱ्यात राहायचो, किल्ल्याच्या पायथ्याच्या उतारावर. तिथली घरं पायऱ्यांसारखी होती, एकाचं अंगण दुसऱ्याच्या छपराच्या उंचीला. आमच्या खालच्या पायरीवर एक बंद पडलेली तेलाची गिरणी होती. गिरणी आणि आमचं घर यांच्यामध्ये दोन पुरुष उंचीची दगडी ताल होती. ताल म्हणजे उतारावरची माती धरून ठेवणारी भिंत. आमची मागची खोली या तालीच्या अगदी काठावर बांधलेली होती, आणि त्या खोलीत माझी आई बालवाडी चालवायची. अठरा मुलं. सगळ्यांत धाकटी पमी, जेमतेम तीन वर्षांची, जी कुणाचं तरी बोट धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर राजाभाऊ शिंगटे नावाच्या बिल्डरनं गिरणी विकत घेऊन पाडली. तिथं तीन मजली इमारत उठणार होती आणि तिच्या पोटात दुकानांसाठी तळघर. तळघरासाठी खड्डा खणायला सुरुवात झाली. रोज दुपारच्या शाळेतून आले की मी काठावरून वाकून बघायची, आणि रोज तो खड्डा कालच्यापेक्षा आमच्या जवळ आलेला असायचा. टिकावाचे घाव कानांना ऐकू येण्याआधी तळपायांना कळायचे.

गोटी चालली तो सोमवार होता. मंगळवारी खोलीचं दार लागेना. चौकटीत घासून अर्ध्यावर अडायचं आणि सोडलं की आपोआप उघडायचं. आईनं त्याला अडसर म्हणून नदीतला एक वाटोळा गोटा लावून ठेवला. आणि बुधवारी सकाळी फळ्याच्या बाजूला, छतापासून खाली उतरलेली एक भेग मला दिसली. केसाएवढीच, पण सरळ नव्हती. पायऱ्या पायऱ्यांनी उतरत आली होती, आमच्या गल्लीसारखी.

आईनं तेव्हाच्या तेव्हा इलाही मिस्त्रींना बोलावणं धाडलं. ती खोली त्यांनीच बांधलेली. वय सत्तरीच्या पुढं, दाढी पांढरीशुभ्र, आणि बोटं सिमेंटनं खाऊन खाऊन खडबडीत झालेली. त्यांनी भेगेवरून नख फिरवलं, मग कान लावला, जसा डॉक्टर छातीला लावतो.

"वहिनी, भेग दोन तऱ्हेची आसती," ते म्हणाले. "मेलेली आन् जिवंत. मेलेलीला भ्यायचं कारण न्हाई, शंभर वर्सं तशीच ऱ्हाती. जिवंत आसंल तर मात्र खेळ न्हवं."

"आणि ही?"

"तेच तर इचारायचंय तिला."

त्यांनी थैलीतून कागदात गुंडाळलेल्या काचेच्या दोन पट्ट्या काढल्या, बोटाएवढ्या रुंद, वीतभर लांब. एक पट्टी भेगेवर आडवी धरली आणि तिची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना सिमेंटनं पक्की चिकटवली. दुसरी पट्टी कागदासकट कोनाड्यात ठेवली. "ह्यो जादाचा. लागला तर."

"हे काय आहे, चाचा?" मी विचारलं.

"साक्षीदार. ह्याला भूक न्हाई, तहान न्हाई, भीती न्हाई. भित हलली की हा फुटतो."

मी हसले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वकिलांकडे कारकून होते. घरात रोज संध्याकाळी कोर्टाच्याच गोष्टी. "चाचा, साक्षीदार फुटला म्हणजे तो खोटं बोलला. हो ना अण्णा?"

अण्णा दाराशी उभे होते, कोर्टात जायच्या तयारीत. "हो," ते म्हणाले. "साक्षीदार फुटला की आमची केस पडते."

"तुमच्याकडं फुटला की खोटा," इलाहीचाचा म्हणाले. "माझ्याकडं फुटला की खरा. आन् फुटला न्हाई तर लई चांगलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ये हिकडं, बेटा. साक्ष म्हणल्यावर अंगठा पायजे का नको?"

त्यांनी माझा अंगठा धरून ओल्या सिमेंटात दाबला. गार, मऊ, रव्यासारखं काहीतरी. हात उचलला तर तिथे माझा अंगठा उमटला होता, लहानसा, गोल, सगळ्या रेघांसकट. अण्णासुद्धा जवळ येऊन बघून गेले. कोर्टात त्यांनी अशिक्षित माणसांचे हजारो अंगठे घेतलेले. "छान उठलाय," ते म्हणाले. "कागदावर असा उठत नाही."

इलाहीचाचा पाठच्या खिडकीतून बराच वेळ खाली खड्ड्यात बघत राहिले. "अण्णा, ही ताल कुणाची म्हणायची? तुमची का त्यांची?"

"सामाईक," अण्णा म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले असं मला आता वाटतं.

"मग ते तिच्या पायाखालचं का काढत्यात? नगरपालिकेत अर्ज घाला. मी उद्या कोरेगावला कामावर चाललोय, ऐतवारी येतो. तवर रोज सकाळी ह्याच्याकडं बघायचं. फुटला तर हात लावायचा न्हाई, पोरं भाईर काढायची, वरच्या, रस्त्याकडल्या दारानं, आन् मला निरोप धाडायचा. मी सोता घेऊन येतो सायबाला."

आईला मुलांना दुसरीकडे बसवायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत सहा मुलंही दाटीनं बसली असती. तिनं मागच्या खोलीतच सगळ्यांची बसकुरं भिंतीपासून लांब, दाराकडे ओढली, आणि त्या दिवसापासून एक नवीन खेळ सुरू केला. मुलं गाणी म्हणत असोत की डबा खात असोत, आई मध्येच टाळी वाजवून म्हणायची, "साक्षीदार फुटला!" की सगळ्यांनी मुंग्या व्हायचं. एकापाठोपाठ एक, पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरून, न ढकलता, न बोलता, वरच्या दारानं बाहेर पडायचं आणि रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या पाराशी जायचं. पुढे चालायचं ते मोठी मुंगी म्हणून मी. मुलांना तो खेळ इतका आवडला, की तीच आईच्या पाठी लागायची, "ताई, साक्षीदार फोडा ना!"

मी रोज सकाळी आधी खोलीत जायची. चुलीपाशी बसलेली आई तिथूनच विचारायची, "काय म्हणतो गं साक्षीदार?"

"गप्प आहे!"

गुरुवारी गप्प. शुक्रवारी गप्प. शुक्रवारी संध्याकाळी शिंगटे घरी आले.

मोठा माणूस, पांढरा पायजमा, बोलायला अगदी लाघवी. चहा घेतला, माझ्या गालाला हात लावला, आईच्या बालवाडीचं कौतुक केलं. आई कपबश्या घेऊन आत गेल्यावर त्यांनी बंडीतून घडी केलेला एक कागद काढून अण्णांच्या मांडीवर उलगडला. मी पाढे लिहीत बसले होते. मुलं पाढे लिहीत असली की मोठ्या माणसांना ती दिसत नाहीत.

"मोजणीचा नकाशा हाय, कारकूनसाहेब. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही कायद्यातली माणसं. हद्दीचा दगड कुठं दाखवलाय बघा की."

अण्णा बघत होते.

"ताल माझी. आन् तालीच्या वर आत चार फूट, ते बी माझं. दगड येतोय तुमच्या पोरांच्या फळ्याखाली."

"जुनी गोष्ट आहे, राजाभाऊ. गिरणी बंदच होती, वापर नव्हता..."

"मी कुठं काय म्हणतोय? रागावू नका. पण उद्या नगरपालिकेचा सायेब आला, तर टेप लावणार का न्हाई? टेप लावली तर चार फूट निघणार का न्हाई? मग वहिनींची शाळाच जायची की वो." शिंगट्यांनी नकाशाची घडी घातली. "तुम्ही माझ्या खड्ड्याचं बोलू नका, मी तुमच्या चार फुटांचं बोलत न्हाई. आठ-धा दिवसांत माझी भिंत वर येती. तुमच्या तालीला टेकूच मिळतोय उलट. शेजारी हाय आपण."

ते गेल्यावर आई बाहेर आली. "अर्ज दिलात का हो?"

"देतो."

"साऱ्या पेठेचे अर्ज तुम्ही एका बैठकीत लिहिता. तीन दिवस झाले, घरचा एक होत नाही?"

"देतो म्हटलं ना!" अण्णा असे ओरडत नसत. मी दचकून सातचा पाढा चुकले.

शनिवारी सकाळी मी फळ्याखालची फरशी बोटांनी वाजवून बघितली, तो हद्दीचा दगड सापडतो का म्हणून. सापडला नाही. पण फळ्याखाली मुंग्या दिसल्या. खऱ्या मुंग्या. तोंडात पांढरी अंडी धरून भिंतीतून बाहेर येत होत्या आणि ओळीनं वरच्या दाराकडे चालल्या होत्या. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, "पाय देऊ नकोस हं त्यांच्यावर," आणि मुंग्यांची रांग दारातून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

काच गप्प होती. माझा अंगठा शाबूत होता. रविवारी सकाळीही तसंच. मुलांना सुट्टी होती, पण खाली खणायला सुट्टी नव्हती. इलाहीचाचा काही आले नाहीत. संध्याकाळी निरोप आला, कोरेगावचं काम लांबलं, मंगळवारी येतो.

आता सोमवारची सकाळ.

त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. खोलीत गेले तेव्हा मुलं यायला लागली होती, आपापल्या बसकुरावर बसत होती. पमीनं आल्याआल्या माझं बोट धरलं. मी फळ्याजवळ गेले आणि काचेकडे बघितलं. काच अखंड होती. स्वच्छ, चकचकीत.

मी "गप्प आहे" म्हणून ओरडणारच होते.

पण काच इतकी स्वच्छ कशी? फळ्याशेजारची काच, पाच दिवसांची. तिच्यावर खडूची भुकटी बसलेली असायची. शनिवारी तर मी त्या भुकटीत बोटानं फूल काढलं होतं. फूल नव्हतं. आणि काचेच्या टोकांचं सिमेंट, जे वाळून राखेच्या रंगाचं झालं होतं, ते आज काळसर दिसत होतं. मी हात लावला. गार होतं.

मी कोनाड्यात बघितलं. कागद होता. जादाचा साक्षीदार नव्हता.

मग मी अंगठ्याचा ठसा शोधला. होता. जिथं होता तिथंच होता. माझा जीव भांड्यात पडला. नेहमीची सवय म्हणून मी त्यात माझा अंगठा ठेवला.

अंगठा आत बुडाला. चारी बाजूंनी जागा उरली.

पोरांनो, मी आयुष्यात पुढे कितीतरी भीतिदायक गोष्टी बघितल्या. पण अंगठ्याभोवतीची ती मोकळी जागा मी विसरलेले नाही. मी वाकून जवळून बघितलं. त्या मोठ्या ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती, जुन्या जखमेच्या व्रणाची. कोर्टाचे कागद दाभणानं शिवताना एकदा ते दाभण अण्णांच्या अंगठ्यातून आरपार गेलं होतं. तो व्रण मी लहानपणापासून रोज बघत होते. माझ्या हातात हात घालून अण्णा मला गिरवायला शिकवायचे, तेव्हा तो माझ्या नखाशेजारीच असायचा.

तीस वर्षं कोर्टात गेलेल्या माणसाला अंगठ्याशिवाय साक्ष पुरी वाटत नाही. त्यांनी नवी काच लावली, नवं सिमेंट लावलं, आणि साक्षीदाराचा अंगठा हवा म्हणून सवयीनं स्वतःचाच दाबला.

"कुंदे."

अण्णा माझ्यामागे उभे होते. कोट अंगात होता, टोपी हातात होती. डोळे लाल होते.

"कधी फुटला, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी मागे वळून बघितलं. आई अजून चुलीपाशी होती. "हळू बोल. काल दुपारी. तुम्ही देवळात गेला होतात."

"म्हणजे भेग जिवंत आहे."

"आठ दिवस, बाळ. फक्त आठ दिवस. त्यांची भिंत वर आली की सगळं टेकून राहील. आता हे बाहेर पडलं तर साहेब येईल, मोजणी होईल आणि ही खोली पाडतील. मग आईची बालवाडी कुठे? तिच्या हातची गेली बालवाडी तर ती..." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तुला कळतंय ना? काच शाबूत आहे. तू एवढंच म्हणायचंस. खोटं नाही ते. बघ, शाबूतच आहे ना काच?"

मी काचेकडे बघितलं. खरंच, शाबूत होती. तिच्याखालची भेग मात्र आता केसाएवढी राहिली नव्हती. पाटीवरची पेन्सिल आत जाईल एवढी झाली होती.

पुढे काय झालं ते आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ताल खाली बसली. फार आवाज झाला नाही असं सगळे सांगतात, मोठं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच. खड्ड्यातले मजूर भाकरी खायला वर आले होते म्हणून वाचले. तालीपाठोपाठ आमची मागची खोली गेली, छपरासकट, फळ्यासकट. दोन दिवस ढिगारा उपसत होते. त्यातून लाकडी ठोकळे निघाले, पाट्या निघाल्या, अठरा बसकुरं निघाली. बालवाडी रोज साडेअकराला सुटायची. म्हणजे सुटायला अजून दहा मिनिटं होती. त्या संध्याकाळी अण्णा कंदिलाची वाट न बघता अंगणातच पाट घेऊन बसले आणि त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला, आपल्या चार फुटांसकट, एका बैठकीत.

पण ते सगळं नंतरचं. आपण अजून पावणेनऊलाच आहोत. मुलं हाताची घडी घालून बसली आहेत. अण्णा माझ्याकडे बघत आहेत. खालून टिकावाचा घाव येतोय आणि माझ्या तळपायांना कळतोय. आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, रोजच्यासारखा:

"काय म्हणतो गं साक्षीदार?"

अण्णांनी मान हलवली. एवढीशीच. नको, म्हणून.

मी पमीच्या मुठीतून बोट सोडवलं. दारापाशी गेले. आईनं दाराला अडसर म्हणून लावलेला नदीतला गोटा दोन्ही हातांनी उचलला. तो माझ्या मानानं जड होता, पोटाशी धरूनच मला चालता आलं. दार आपोआप सताड उघडलं. अण्णा "कुंदे" म्हणाले, पण पुढे आले नाहीत. मी फळ्याजवळ परत आले, गोटा छातीपर्यंत वर घेतला, आणि त्या चकचकीत, खोट्या, शाबूत काचेवर जेवढ्या जोरानं मारता येईल तेवढ्या जोरानं मारला.

"आई!" मी ओरडले. "साक्षीदार फुटला!"

अठरा मुलं एका झटक्यात उठली आणि आनंदानं मुंग्या झाली. मी पमीचं बोट पुन्हा धरलं आणि रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले.